आधी कायदा, मग कौल

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांनी युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. बाहेर पडण्याच्या बाजूने सुमारे १ कोटी ७४ लाख मते पडली, आत राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाख; म्हणजे ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१ टक्के. प्रत्यक्षात ब्रिटन बाहेर पडला तो ३१ जानेवारी २०२० च्या रात्री अकरा वाजता. मधल्या साडेतीन वर्षांत दोन पंतप्रधान पायउतार झाले, दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने दोनदा सरकारच्या विरोधात निकाल दिला. बाहेर पडणे शहाणपणाचे होते की नाही, यावर भरपूर लिहून झाले आहे. माझा विषय वेगळा आहे. संसदेचे सार्वभौमत्व परत आणायचे म्हणून हा निर्णय मागितला गेला, पण तो घेताना आणि अमलात आणताना संसदेलाच वारंवार बाजूला सारले गेले. असे का झाले आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, याचे मुद्दे पुढे मांडतो.

१. बाहेर पडू म्हणणाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती

संसद कोणताही कायदा करू शकते, कोणताही मोडू शकते आणि तिचा कायदा रद्द करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही, हे सूत्र ए. व्ही. डायसी यांनी १८८५ साली मांडले. ब्रिटिश विद्यार्थी आजही घटनाशास्त्राचा अभ्यास तिथूनच सुरू करतात. (आपल्याकडे राज्यघटना संसदेच्या वर आहे. ब्रिटन युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या महासंघाच्या पूर्वरूपात, शिरला त्याच १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारालाही मर्यादा घातली. त्यामुळे आपल्या पुढाऱ्यांच्या तोंडचे ‘संसद सर्वोच्च’ आणि वेस्टमिन्स्टरमधले ‘संसद सार्वभौम’ यांची गल्लत करू नये.)

या सूत्राला तडा कसा गेला, ते एका खटल्यात स्पष्ट दिसते. स्पॅनिश मालकांच्या बोटी ब्रिटनमध्ये नोंदणी करून ब्रिटनच्या वाट्याची मासळी धरत होत्या. ते थांबवण्यासाठी संसदेने १९८८ मध्ये मर्चंट शिपिंग ॲक्ट केला. फॅक्टरटेम ही कंपनी आणि इतर बोटमालक न्यायालयात गेले. युरोपीय कायद्याच्या आड येणारा देशी कायदा देशी न्यायालयाने बाजूला ठेवला पाहिजे, असे लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने १९९० मध्ये सांगितले आणि लॉर्ड्स सभेच्या न्यायाधीशांनी तो बाजूला ठेवला. ब्रिटिश संसदेने रीतसर मंजूर केलेला कायदा ब्रिटिश न्यायालयातच लुळा पडला. ज्याच्या घरची चूल त्या मासळीवर पेटते, त्याला हा विषय कायद्याच्या पुस्तकातला वाटणार नाही.

दुसरे उदाहरण लिस्बन तहाचे. युरोपच्या राज्यघटनेचा मसुदा २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी फेटाळला. त्यातला बराचसा मजकूर लिस्बन तहाच्या रूपाने परत आला. या वेळी सार्वमत घेतले ते एकट्या आयर्लंडने. २००८ मध्ये आयरिश मतदार नाही म्हणाले, तेव्हा २००९ मध्ये त्यांना पुन्हा विचारण्यात आले. ब्रिटनच्या मजूर पक्षाने राज्यघटनेवर सार्वमत घेण्याचे वचन दिले होते. लिस्बन तहावर ते घेतलेच नाही. टोनी बेन हे मजूर पक्षातले कडवे डावे नेते. समुदायात राहायचे की नाही यावर १९७५ मध्ये झालेल्या सार्वमताच्या वेळेपासून ते विचारत होते की, जे आमचे कायदे करतात त्यांना आम्ही मतपेटीतून घालवू शकतो का? हा प्रश्न परकीयद्वेषाच्या खात्यात टाकून मोकळे झालेल्यांनी लोकशाहीचे नुकसान केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. पण अधिकार हरवला नव्हता, उसना दिला होता

युरोपीय कायद्याला ब्रिटनमध्ये बळ मिळाले ते संसदेच्याच १९७२ च्या कायद्यामुळे. त्या विधेयकाचे दुसरे वाचन कॉमन्स सभेत ३०९ विरुद्ध ३०१ अशा आठ मतांच्या आधिक्याने पार पडले. फॅक्टरटेमच्या निकालातही लॉर्ड ब्रिज यांनी हेच नोंदवले की, संसदेने ही मर्यादा आपण होऊन स्वीकारली आहे. जे आपण होऊन स्वीकारले ते सोडताही येते. ग्रीनलंडने १९८२ मध्ये मतदान घेतले आणि १९८५ मध्ये तो युरोपीय समुदायातून बाहेर पडला. तिथेही वाद मासेमारीचाच होता. लिस्बन तहाच्या ५० व्या कलमाने तर बाहेर पडण्याची वाट लिहूनच ठेवली.

आत राहूनही संसदेला बरेच करता आले असते. डेन्मार्क ब्रिटनच्याच दिवशी, १ जानेवारी १९७३ रोजी, सदस्य झाला. तिथला मंत्री ब्रुसेल्सच्या बैठकीला जाण्याआधी संसदेच्या युरोपविषयक समितीपुढे उभा राहतो आणि आपण कोणती भूमिका घेणार ते सांगतो. समितीतले पक्ष आपापले मत देतात. सभागृहात ज्यांचे बहुमत होईल इतके पक्ष विरोधात गेले, तर मंत्र्याला ती भूमिका घेऊन जाता येत नाही. कॉमन्स सभेतही १९७४ पासून युरोपीय प्रस्ताव तपासणारी समिती होती. ती कागद तपासायची, अहवाल लिहायची, चर्चा मागायची. मंत्र्याचे हात बांधण्याची ताकद मात्र तिच्याकडे नव्हती. ती ताकद तिला देण्यापासून ब्रुसेल्सने कोणालाही अडवले नव्हते. वेस्टमिन्स्टरच्या सरकारांना ते नको होते आणि खासदारांनीही कधी नेट लावला नाही.

३. मतपत्रिकेवर काय नव्हते

मतपत्रिकेवर एक प्रश्न होता आणि उत्तराचे दोन चौकोन होते: महासंघाचे सदस्य राहायचे की बाहेर पडायचे? राहायचे म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होते. ते रोज चालूच होते. बाहेर पडायचे म्हणजे नॉर्वेसारखे एकल बाजारपेठेत राहून, तुर्कस्तानसारखे जकात संघात राहून, कॅनडासारखा व्यापार करार करून की काहीच करार न करता? यातले काहीही कागदावर नव्हते. २०१५ च्या ज्या कायद्याने हे सार्वमत घेतले, त्यात निकालानंतर काय करायचे याबद्दल अक्षर नव्हते. कायद्याच्या दृष्टीने तो केवळ सल्ला होता. सरकारने मात्र घरोघरी पत्रक पाठवून सांगितले की, तुम्ही जे ठरवाल ते आम्ही अमलात आणू. संसदेने न दिलेला शब्द सरकारने असा परस्पर देऊन टाकला. बाहेर पडण्याचा कौल लागला तर काय करायचे, याची तयारीही त्या सरकारने नोकरशाहीला करू दिली नाही. कॉमन्स सभेच्या परराष्ट्र समितीने नंतर याला घोर निष्काळजीपणा म्हटले आणि ते योग्यच होते.

ब्रिटनला याहून बरी रीत माहीत नव्हती असेही नाही. पाचच वर्षे आधी, ५ मे २०११ रोजी, तिथे मतदानपद्धती बदलण्यावर सार्वमत झाले. त्या वेळी नव्या पद्धतीचा कायदा संसदेने आधीच मंजूर करून ठेवला होता. ‘हो’ आले तर लागू, ‘नाही’ आले तर रद्द. उत्तर नाही आले आणि विषय त्याच दिवशी संपला. २०१६ मध्ये मतदारांकडून जे घेतले गेले, ती कोऱ्या कागदावरची सही होती. तिच्यावर मजकूर काय लिहायचा, यावरच पुढची साडेतीन वर्षे भांडण झाले.

४. गोव्याने हे १९६७ मध्ये नीट केले होते

मराठी वाचकाला हा मुद्दा परका वाटू नये. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे? मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी फूल होते आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने. भारतीय संसदेने त्यासाठी आधी स्वतंत्र कायदा केला. दोन्ही पर्यायांचा अर्थ मतदाराला माहीत होता. महाराष्ट्र राज्यही समोर होते आणि केंद्रशासित प्रदेशाची विधानसभाही. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणवादी. सरकारी यंत्रणा एका बाजूला झुकू नये म्हणून मतदानाआधी त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने महाराष्ट्र हरला आणि त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांना ते जिव्हारी लागले. पण कौलाचा अर्थ काय, यावर वाद झाला नाही. बांदोडकर निवडणूक लढवून त्याच वर्षी पुन्हा मुख्यमंत्री झाले.

त्या कौलातही उणीव होती. स्वतंत्र राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता आणि त्यासाठी गोव्याला ३० मे १९८७ पर्यंत थांबावे लागले. तरी जे विचारले ते नेमके विचारले होते.

५. मत कोणाला होते

२०१६ च्या सार्वमतात ब्रिटिश, आयरिश आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मत होते. युरोपातल्या इतर नागरिकांना नव्हते. अपवाद फक्त माल्टा आणि सायप्रस यांचा, कारण ते राष्ट्रकुलातही आहेत. याचा अर्थ गोव्याच्या सासष्टीतल्या एका वाड्यावरून गेलेल्या दोघांच्या बाबतीत बघा. एक जण भारतीय पारपत्रावर नोकरीसाठी लंडनला गेलेला. त्याला मत होते. दुसऱ्याचे आईवडील पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले, म्हणून त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले, स्विंडनच्या गोदामात नोकरी धरली, मुले तिथल्या शाळेत घातली. त्याला मत नव्हते. ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क टांगणीला लागला तो मात्र या दुसऱ्याचा. पुढे ३० जून २०२१ च्या आत अर्ज करून त्याला तो हक्क नव्याने मिळवावा लागला.

भारतीयांना मत नसावे असे मी म्हणत नाही. संसदेच्या निवडणुकीची मतदारयादी जवळपास तशीच उचलून महासंघाच्या सदस्यत्वाचा निर्णय घेण्यासाठी वापरली, यावर माझा आक्षेप आहे. स्कॉटलंडने २०१४ च्या सार्वमतात युरोपीय रहिवाशांना आणि सोळा वर्षांच्या मुलामुलींनाही मत दिले होते.

६. संसद सार्वभौम म्हणजे सरकार सार्वभौम नव्हे

कौल लागल्यावर थेरेसा मे यांच्या सरकारने भूमिका घेतली की, ५० व्या कलमाची नोटीस राजसत्तेच्या विशेषाधिकारातून देता येईल, संसदेला विचारायची गरज नाही. या भूमिकेविरुद्ध जीना मिलर नावाच्या एक नागरिक न्यायालयात गेल्या. उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा एका मोठ्या वृत्तपत्राने न्यायाधीशांची छायाचित्रे छापून त्यांना जनतेचे शत्रू ठरवले. २४ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध तीन मतांनी तोच निकाल कायम केला: संसदेच्या कायद्याने मिळालेले हक्क मंत्री एका पत्राने काढून घेऊ शकत नाहीत. संसदेचे सार्वभौमत्व मागणाऱ्यांनी या निकालाचे स्वागत करायला हवे होते. फार थोड्यांनी केले.

त्यानंतर संसदेने काय केले? दोन कलमांचा चिमुकला कायदा करून पंतप्रधानांना नोटीस देण्याची मुभा दिली. कोणत्या प्रकारे बाहेर पडायचे, याची एकही अट घातली नाही. सार्वमतात मतदारांकडून झालेली चूक म्हणून जिला नावे ठेवली जातात, ती इथे खासदारांनी डोळसपणे केली आणि २९ मार्च २०१७ पासून दोन वर्षांचे घड्याळ सुरू झाले.

त्याचे फळ २०१९ मध्ये दिसले. १५ जानेवारीला मे यांनी महासंघाशी ठरवलेला बाहेर पडण्याचा करार २०२ विरुद्ध ४३२ मतांनी पडला. लोकशाही ब्रिटनमध्ये कोणत्याही सरकारचा एवढा मोठा पराभव त्याआधी झाला नव्हता. मार्चमध्ये तोच करार आणखी दोनदा पडला. २७ मार्चच्या संध्याकाळी खासदारांना छापील कागद वाटले गेले आणि आठ पर्यायांपैकी प्रत्येकापुढे हो किंवा नाही लिहायला सांगितले. एकालाही बहुमत मिळाले नाही. जकात संघाचा पर्याय त्यातल्या त्यात जवळ आला. १ एप्रिलला पुन्हा मतदान झाले. जकात संघ २७३ विरुद्ध २७६, तीन मतांनी गेला. जगभर २७ मार्चच्या त्या संध्याकाळची टवाळी झाली. मला ते त्या सगळ्या काळातले सर्वांत प्रामाणिक कामकाज वाटते, कारण बाहेर पडण्याचे प्रकार किती, हे प्रथमच संसदेपुढे एकेक करून ठेवले गेले. मात्र हे काम जून २०१६ च्या आधी व्हायला हवे होते.

७. अधिवेशन बंद करण्याचा प्रकार

ऑगस्ट २०१९ मध्ये नवे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीने संसदेचे अधिवेशन पाच आठवड्यांसाठी संपवण्याचा आदेश दिला. बाहेर पडण्याची वाढीव मुदत ३१ ऑक्टोबरला संपत होती. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने तो सल्ला बेकायदा ठरवला. अधिवेशन संपलेच नाही असे धरावे, असे न्यायालयाच्या अध्यक्ष लेडी हेल यांनी निकाल वाचताना सांगितले. त्याआधीच्या आठवड्यांत, ‘करार झाला नाही तर मुदत वाढवून मागा’ असे बंधन घालणारा कायदा संसदेने केला होता. त्याचा पुढाकार हिलरी बेन यांनी घेतला होता. टोनी बेन यांचे चिरंजीव, पण महासंघात राहण्याच्या बाजूचे. वडील आणि मुलगा युरोपबद्दल दोन टोकांना, संसदेबद्दल एका बाजूला. त्या कायद्याचा मार्ग मोकळा करणाऱ्या मतदानात हुजूर पक्षाचे २१ खासदार सरकारच्या विरोधात गेले आणि त्यांना पक्षाच्या संसदीय गटातून काढण्यात आले. त्यात विन्स्टन चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते.

८. नियंत्रण परत आले, पण कोणाकडे?

बाहेर पडण्याचा करार अमलात आणणाऱ्या जानेवारी २०२० च्या कायद्यात ३८ वे कलम आहे: युनायटेड किंग्डमची संसद सार्वभौम आहे, हे त्यात मान्य केले आहे. त्याच वर्षी २४ डिसेंबरला महासंघाशी व्यापार आणि सहकार्याचा करार ठरला, बाराशेहून अधिक पानांचा. ३० डिसेंबरला तो अमलात आणणारे विधेयक कॉमन्स आणि लॉर्ड्स या दोन्ही सभांत एकाच दिवसात सर्व वाचने उरकून मंजूर झाले आणि रात्री त्याला राणीची संमतीही मिळाली. मासेमारीचा वाटा, मालावरचे नियम, पोलिसांची माहिती यांची कित्येक वर्षांची घडी त्या पानांत होती. एवढा मजकूर कोणत्या खासदाराने वाचला असेल?

युरोपीय कायदे देशी कायद्यांत बसवताना मंत्र्यांना कायदे दुरुस्त करण्याचे व्यापक अधिकार दिले गेले. आठव्या हेन्रीच्या नावाने ते ओळखले जातात. ब्रुसेल्समधून परत आलेली सत्ता अशी मोठ्या प्रमाणावर मंत्र्यांच्या टेबलावर जाऊन थांबली. बाहेर पडण्याच्या बाजूने मत देणाऱ्या नागरिकाने याच गोष्टीवर सर्वांत जास्त रागावले पाहिजे.

९. संघातला संघ

ब्रिटन स्वतः एक राजकीय संघ आहे. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे ५६ टक्के मते महासंघात राहण्याच्या बाजूने होती. जानेवारी २०२० च्या कायद्याला स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या तिन्ही विधिमंडळांनी संमती नाकारली, तरी कायदा झाला. त्यांची संमती घेण्याचा संकेत आहे, पण तो न्यायालयात बंधनकारक नाही. संसदेचे अमर्याद सार्वभौमत्व हे खास इंग्लिश तत्त्व आहे, स्कॉटिश घटनेत त्याला जोड नाही, असे लॉर्ड कूपर यांनी १९५३ मध्येच एका निकालात म्हटले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वेस्टमिन्स्टरच्या परवानगीशिवाय स्कॉटिश संसद स्वातंत्र्यावर सार्वमत घेण्याचा कायदा करू शकत नाही. कायद्याने हे बरोबर आहे. पण एका संघातून बाहेर पडण्याचा हक्क हा लोकांचा जन्मसिद्ध हक्क आणि दुसऱ्या संघातून बाहेर पडायचे तर वरिष्ठांची परवानगी, ही दोन मापे फार काळ चालणार नाहीत.

उत्तर आयर्लंडमध्ये मालाच्या बाबतीत युरोपीय नियमांचा मोठा भाग आजही लागू आहे आणि ते नियम ठरतात तिथे त्या लोकांचा मताचा हक्क असलेला एकही प्रतिनिधी नाही. टोनी बेन यांचा प्रश्न आता सर्वांत जास्त लागू पडतो तो बेलफास्टमध्ये.

१०. मग करायचे काय

सार्वमते बंद करा, असे मी म्हणणार नाही. संसदेच्या सार्वभौमत्वाचा पाठ देणारे डायसी स्वतः १८९० च्या सुमारास आयर्लंडच्या स्वराज्याला रोखण्यासाठी सार्वमताची मागणी करत होते. लोकांना विचारणे आणि संसद सार्वभौम असणे यांत विरोध नाही, क्रम पाळला तर. ऑस्ट्रेलियाच्या घटनेचे १२८ वे कलम तो क्रम सांगते: दुरुस्तीचे विधेयक आधी संसदेत, मग लोकांपुढे. ब्रिटनच्या शेजारच्या आयर्लंडमध्येही विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाल्यावरच मतदार त्यावर शिक्का मारतात. २०१८ मध्ये गर्भपाताबद्दलच्या घटनादुरुस्तीवर मत घेताना तिथल्या सरकारने पुढच्या कायद्याचा आराखडाही आधीच जाहीर केला होता.

यावर आक्षेप येतो की, अशाने बहुमताला बाहेर पडायचे असले तरी खासदार मसुदाच होऊ देणार नाहीत. तसे झाले तर त्यांना निवडणुकीत घरी बसवता येते. कोऱ्या प्रश्नावर घेतलेल्या कौलानंतर फसवले कोणी, हे शोधूनही सापडत नाही.

पुढची परीक्षा दूर नाही. उत्तर आयर्लंडमधल्या बहुमताला संयुक्त आयर्लंड हवे असण्याची शक्यता दिसली, तर ब्रिटिश मंत्र्याने तिथे मतदान घेतलेच पाहिजे, असे १९९८ चा कायदा सांगतो. बहुमत तसे झाले तर पुढचे प्रस्ताव आयरिश सरकारशी ठरवून त्यानंतर संसदेपुढे ठेवायचे आहेत. म्हणजे पुन्हा आधी कौल आणि मग मसुदा. निवृत्तिवेतन कोण देणार, आरोग्यसेवा कोणती चालणार, पोलीस कोणाचे असणार, ब्रिटिश म्हणवणाऱ्यांचे हक्क कसे राखणार, हे सगळे मतदानानंतर. जिथे १९९८ च्या आधीच्या तीस वर्षांत साडेतीन हजार माणसे मारली गेली, तिथे २०१६ चा क्रम पुन्हा वापरणे हा गुन्हा ठरेल. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि तिथे मताचा हक्क असलेल्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे: आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला पत्र लिहा आणि विचारा की, पुढच्या कोणत्याही सार्वमताआधी संपूर्ण मसुदा संसदेत मंजूर झालाच पाहिजे, अशा कायद्याला तो पाठिंबा देणार आहे की नाही.